समोरच उतरू दे

मारुतीराया, वाऱ्याच्या लेका,

आज शनिवार नाही. माझ्या हातात तेलाची वाटी नाही, रुईच्या पानांची माळ नाही. मागणं तेवढं आहे, आणि ते तुझ्यापाशीच मागावं असं वाटलं. आभाळात झेपावणं म्हणजे काय आणि तिथून जमिनीवर कोसळणं म्हणजे काय, हे दोन्ही तू अंगावर घेतलेलं आहेस.

माझी लेक विमान चालवायला शिकते आहे. छोटं विमान, एका इंजिनाचं, दोन माणसांचं. आता ती कधी कधी एकटीच घेऊन जाते. घरातले सगळे देवाला म्हणतात, पोरीला वर सुखरूप ठेव. मी ते म्हणत नाही. वर ठेवण्याचं काम पंखांचं आणि वेगाचं आहे, ते ती शिकते आहे. मला तुझ्याकडे खाली येण्याबद्दल बोलायचंय. इंजिन गेलंच, आणि तेही जमीन नुकतीच सुटलेली असताना गेलं, तर तिला नीट खाली येऊ दे. समोर जी जमीन असेल तिच्यावर.

इतकं नेमकं का मागते, ते सांगते. धावपट्टीवर विमान पळत सुटतं, वेग पन्नास-पंचावन्न नॉट, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास झाला की नाक अलगद उचलायचं आणि चाकं सुटतात. त्यानंतरचं मिनिटभर विमानाच्या गाठीला काहीच नसतं. उंची नाही, जास्तीचा वेग नाही. सगळा भार पूर्ण ताकदीने ओरडणाऱ्या त्या एका इंजिनावर. पाच हजार फुटांवर ते थांबलं तर वैमानिकाला जागा शोधायला, रेडिओवर बोलायला, पुन्हा सुरू करून बघायला वेळ असतो. सेसना 172 सारखं विमान हजार फूट उंची खर्ची घालून साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जातं. पण तीनशे फुटांवर? वीस-पंचवीस सेकंद. त्यातले पहिले तीन-चार तर हे खरंच घडतंय यावर विश्वास बसण्यातच जातात. रस्त्यात गाडी बंद पडली की ती कडेला घेऊन उतरता येतं; आभाळाला कड नसते.

आणि देवा, त्या सेकंदांत माणसाचा स्वतःचा हातच त्याच्यावर उलटतो. विमान चढत असतं, नाक आभाळाकडे असतं. इंजिन गप्प झालं की वेग झरझर उतरतो. जमीन जवळ दिसते, म्हणून हात कंट्रोल पोटाशी ओढायला जातो, नाक आणखी वर घ्यायला. त्या ओढण्यात मरण आहे. पंखांवरून वाहणारी हवा तुटते, पंख उचलायचं सोडून देतो, एक बाजू आधी पडते आणि विमान गिरकी घेत खाली येतं. पंखाने असं उचलणं सोडण्याला स्टॉल म्हणतात. उंचीवर त्यातून सुटता येतं, शिकणारी मुलं त्याचा सराव करतात. तीनशे फुटांवर सुटायला खाली जागाच नसते. म्हणून पहिलं काम एकच: नाक खाली. जमीन अंगावर येत असताना जमिनीकडेच नाक करायचं, साठ-पासष्ट नॉट वेग धरायचा आणि मग पुढचं बघायचं. मला हे लिहितानाही पोटात गोळा येतो. तिला ते करायचं आहे.

तेव्हा माझं पहिलं मागणं हे. त्या क्षणी तिचं मन घाबरलं तर घाबरू दे, ते कुणाच्या हातात आहे? पण तिचे हात पुढे जाऊ देत.

दुसरं मागणं, तिला मागे वळू देऊ नकोस.

मागे धावपट्टी असते. सपाट, लांब, रोजची. मागे अग्निशमनाची गाडी असते, सर असतात, पाण्याची बाटली ठेवलेला बाक असतो. समोर परकी शेतं. कुणाला मागे वळावंसं वाटणार नाही? पण हिशेब निर्दय आहे. उलटं वळणं अर्ध्या वर्तुळात संपत नाही. वळून आल्यावर विमान धावपट्टीच्या बाजूला असतं, रेषेत यायला आणखी वळावं लागतं. वळण जितकं तिरकं, तितका पंख लवकर हात टेकतो: विमान 45 अंश कललं की स्टॉलचा वेग साधारण एकपंचमांशाने वाढतो, 60 अंशांवर चाळीस टक्क्यांहून अधिक. शिवाय टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर केलेला असतो, म्हणजे परतताना तुझा बाप पाठीमागून ढकलत असतो. पुरेशी उंची असेल आणि आधीच ठरवलेलं असेल तर वळणारे वळून उतरलेही आहेत. पण तीन-चारशे फुटांवरून मागे वळायला गेलेली कितीतरी माणसं धावपट्टीच्या कुंपणाअलीकडेच संपली. इंजिनाने त्यांना मारलं नाही, वळणाने मारलं. हे माझं मत नाही, उडायला शिकवणारे सगळे हेच सांगतात.

हॅरिसन फोर्ड नावाचा सिनेमातला प्रसिद्ध नट आहे, वर्षानुवर्षं विमान चालवणारा. 5 मार्च 2015 ला लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका विमानतळावरून तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन जातीचं जुनं विमान घेऊन निघाला आणि थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. त्यानेही आधी धावपट्टीकडे परतायची परवानगी मागितली. मग त्याला कळलं की पोचणार नाही, आणि त्याने ते मानलं. समोर गोल्फचं मैदान होतं. एका झाडाचा शेंडा लागला, विमान मैदानावर आदळलं. जखमा मोठ्या झाल्या, पण जगला. वय सत्तरीच्या पलीकडचं होतं. मला त्याच्या धाडसाचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त त्या मानण्याचं आहे. परतायचं ठरवलेलं असताना, तोंडाने सांगूनही झालेलं असताना, दोन श्वासांच्या आत ते सोडून देणं. मारुतीराया, माझ्या लेकीला ते सोडता येऊ दे.

समोरची जमीन कशी आहे हे मी बघून आले आहे. धावपट्टीच्या टोकापलीकडे शेतं आहेत. बांध, विहिरी, एक शेततळं, विजेच्या तारा, मधूनच लिंबाचं झाड. तारा लांबून दिसत नाहीत, खांब दिसतात. तिला खांब दिसू देत. विहीर दिसू दे. उभा मका किंवा ज्वारी असेल तर ते पीक वेग खाऊन टाकतं, माणसाला सांभाळतं. वैमानिकांच्या पुस्तकांत एक हिशेब दिलेला असतो, तो मी पुन्हा पुन्हा करून बघितला. ताशी 80 किलोमीटर वेगाने टेकलेलं विमान, वेग एकसारखा मरत गेला, तर तीन मीटरांच्या आत थांबलं तरी आतला माणूस वाचू शकतो. तीन मीटर म्हणजे आमच्या देवघराच्या भिंतीपासून दारापर्यंत. पण वेग दुप्पट झाला की तेच अंतर चौपट लागतं. म्हणून विमान सरळ ठेवून, पंख सपाट ठेवून, जमेल तितक्या कमी वेगाने टेकायचं. पंख झाडाला लागून मोडले तर मोडू देत. चाकं बांधावर राहिली तर राहू देत. जे मोडायचं ते तिच्या भोवतीचं मोडू दे.

ती विमान वाचवायला जाईल याची मला भीती वाटते. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास उडावं लागतं, आणि त्या प्रत्येक तासाला पैसे पडतात. कुणी घर गहाण टाकलंय, कुणाच्या बापाने जमीन विकली आहे. ही मुलं ते ओझं पाठीवर घेऊन विमानात चढतात, पट्ट्याबरोबर तेही आवळून घेतात. त्या वीस सेकंदांत तिला बँकेचा हप्ता आठवू देऊ नकोस. विमानाची किंमत आठवू देऊ नकोस. आई काय म्हणेल हे तर मुळीच नको. मी काही म्हणणार नाही. मोडक्या पंखाशेजारी ती बसलेली दिसली तर मला दुसरं काही नको.

आणि त्या शेतात जी माणसं असतील, त्यांना बाजूला होऊ दे. खुरपणीला वाकलेल्या बायांना इंजिन बंद पडलेल्या विमानाचा आवाजच येत नाही. त्यांनी विमानात बसायचं कधी ठरवलेलं नव्हतं, त्याचा धोका पत्करलेला नव्हता. 28 जून 2018 ला घाटकोपरच्या दाट वस्तीत चाचणीच्या उड्डाणावरचं एक छोटं विमान कोसळलं. त्यात विमानातल्या चौघांबरोबर रस्त्याने चाललेला एक माणूसही गेला. त्या अपघाताची तऱ्हा वेगळी होती, पण त्या पादचाऱ्याला मी माझ्या प्रार्थनेतून वगळू शकत नाही. माझी लेक वाचावी आणि दुसऱ्या कुणाची आई शेतात जिवाला मुकावी, असं मागणं मी तुझ्या पायाशी ठेवणार नाही. ज्याचं पीक आडवं होईल त्यालाही भरपाईसाठी तालुक्याचे हेलपाटे घालायला लागू नयेत.

देवा, आता मला दूरच्या एका तळ्याकाठी जाऊ दे. या प्रार्थनेत ती गोष्ट यायलाच हवी.

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे झाड उगवत नाही, तिथे 15 ऑगस्ट 1935 ला एक लाल विमान धुक्यात वाट चुकलं आणि समुद्राला लागून असलेल्या एका उथळ तळ्यात उतरलं. चालवत होता वायली पोस्ट. तेलविहिरीवर काम करताना अपघातात त्याचा एक डोळा गेला होता, आणि त्याची भरपाई मिळाली त्या पैशांतून त्याने आपलं पहिलं विमान घेतलं होतं. 1933 मध्ये त्याने एकट्याने पृथ्वीला फेरी मारली, 7 दिवस 18 तास 49 मिनिटांत. त्याच्या आधी एकट्याने हे कुणी केलं नव्हतं. एका डोळ्याने अंतर कसं ओळखायचं हे त्याने स्वतःला शिकवलं होतं. सोबत होता विल रॉजर्स, वर्तमानपत्रांत लिहिणारा, सिनेमात काम करणारा. त्या मंदीच्या वर्षांत सगळी अमेरिका त्याच्या बोलण्याची वाट बघत असे. तळ्याकाठी इनुपियाट लोकांचा तळ होता. दोघांनी उतरून त्यांना बॅरो गावाची वाट विचारली. गाव पंधराएक मैलांवर होतं. पुन्हा विमानात बसले, पाण्यावरून उठले, आणि थोड्याच उंचीवर इंजिन थांबलं.

ते इंजिन का थांबलं यावर आजही वाद आहे. विमान कसं होतं यावर मात्र फारसा नाही. लॉकहीडच्या दोन वेगळ्या जातींच्या विमानांचे भाग एकत्र करून ते बनवलेलं होतं, आणि पाण्यावर उतरण्यासाठी चाकांच्या जागी जे फ्लोट बसवले ते त्या विमानाला मोठे होते. नाक जड झालं होतं. इंजिनाची ओढ होती तोवर ते सावरत होतं. ओढ गेली आणि नाक सरळ पाण्याकडे गेलं. दोघेही जागच्या जागी गेले. जगातल्या सर्वांत कसबी वैमानिकांपैकी एक, आणि पाणी अगदी उथळ.

मारुतीराया, ही गोष्ट वाचल्यापासून मला कसबाचा भरवसा वाटत नाही. म्हणजे कसब नको असं नाही. पण मी आत्तापर्यंत नाक खाली, नाक खाली म्हणत होते, आणि पोस्टला नाक खाली न्यायची गरजच पडली नाही; ते वर धरण्याची सोयच त्या यंत्रात उरली नव्हती. जमिनीवर असतानाच जे चुकलेलं असतं ते आभाळात कुणाच्याही हाताने दुरुस्त होत नाही. जड असलेलं नाक चालवून घेतलं जातं. सध्या चालतंय, पुढच्या वेळी बघू. ही वाक्यं आपल्याकडे घराघरात, कारखान्यात, कचेरीत रोज ऐकू येतात. विमानाच्या शेडमध्ये ती कुणाच्याही तोंडून निघू देऊ नकोस.

त्या तळ्याकाठी क्लेअर ओक्पेआहा नावाचा माणूस होता. वाट त्यानेच सांगितली होती. त्याच्या डोळ्यांदेखत विमान उठलं आणि पडलं. त्याने काठावरून हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मग तो वळला आणि पळत सुटला. दलदल, पाणवठे, ओबडधोबड माती, यांतून तो पंधराएक मैल बॅरोपर्यंत पळत गेला आणि तिथे त्याने बातमी दिली. कोण मेलं हे त्याला माहीत नव्हतं. विल रॉजर्स कोण हेही नव्हतं. दोन माणसं पाण्यात पडली होती, एवढं पुरे झालं.

लक्ष्मण निपचित पडला तेव्हा तूही असाच धावलास. वनस्पती ओळखता येईना तेव्हा डोंगरच उचलून आणलास. जखमी माणसासाठी वेळ म्हणजे काय हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? माझी लेक कुठल्या शिवारात उतरली तर तिथे कुणीतरी धावणारा असू दे. आपल्याकडे असतात, देवा, हे मी अभिमानाने सांगते. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक गेले. जखमी शिकाऊ मुलीला तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या माणसांनी झोळी करून, खांद्यावर घेऊन डोंगरातून खाली आणलं. पुढच्या वर्षी, जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळलं. आत एकटी मुलगी होती, ती वाचली. तिथेही आधी पोचली ती शिवारातलीच माणसं. ज्यांच्या डोक्यावरून ही विमानं दिवसभर घरघरत जातात, ज्यांना त्यांचा फक्त आवाज मिळतो, तीच माणसं हातातलं काम टाकून धावतात. त्यांच्या मुलाबाळांना सुखात ठेव.

आता तुझ्या लहानपणाबद्दल बोलू का? उगवता सूर्य तुला फळ वाटला आणि तू झेप घेतलीस. इंद्राने वज्र मारलं, तू पर्वतावर आदळलास, हनुवटी मोडली. आम्ही ही गोष्ट मुलांना हसत सांगतो. मी मात्र अलीकडे तुझ्या बापाचा विचार करते. वाऱ्याने मोडलेलं लेकरू उचललं, गुहेत जाऊन बसला आणि वाहणंच थांबवलं. सगळ्या जगाचा श्वास कोंडला. देवांना धावत यावं लागलं. ज्यांची मुलं अशा छोट्या विमानांतून परत आली नाहीत त्या आईबापांच्या घरी असंच झालेलं असतं. फरक इतकाच की तिथे ब्रह्मदेव येत नाही. मूल उठून बसत नाही. खोलीत त्याचं लॉगबुक असतं, तासांचे आकडे त्याच्या अक्षरात लिहिलेले. अशा घरांत श्वास परत येऊ दे, देवा. हळूहळू आला तरी चालेल. आणि शेजारपाजारच्या कुणालाही त्यांना म्हणू देऊ नकोस की कशाला पाठवलं पोराला असल्या धंद्यात.

नशीब, प्रारब्ध, तुझी इच्छा, असं म्हणून मी हे तुझ्या माथी मारणार नाही. हॅरिसन फोर्डच्या विमानाचं इंजिन का गेलं, हे तपासात निघालं. कार्ब्युरेटरच्या आत इंधन मोजून सोडणारा एक छोटा स्क्रूसारखा भाग असतो, तो आपल्या जागेवरून सैल झाला होता. वैमानिकाचा खांद्याचा पट्टाही नीट बसवलेला नव्हता, म्हणून जखमा वाढल्या. एक सैल भाग, एक चुकीचा पट्टा. ही माणसांच्या हातांची कामं आहेत, आणि म्हणून मी त्या हातांसाठी मागते.

पहाटे विमानाच्या पंखाखाली वाकून जो कोणी टाकीतलं पेट्रोल काचेसारख्या कपात काढून उजेडात धरतो, त्याच्या डोळ्यांत झोप नसू दे. ते पेट्रोल फिकट निळं असतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरतं; ते पेट्रोलहून जड, म्हणून कपाच्या तळाशी जाऊन बसतं. एक बुडबुडा दिसला तरी त्याने पुन्हा कप भरावा, पुन्हा बघावं, स्वच्छ निघेपर्यंत. मागे रांग लागली असली, सर घाई करत असले तरी. टाकीला हवा देणाऱ्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. त्याने तिथेही बघावं. रात्री शेडमध्ये ट्यूबलाइटखाली जो इंजिनिअर नट आवळून सेफ्टी वायर पिळतो, त्याचा हात शेवटच्या पिळापर्यंत थकू देऊ नकोस. सही करताना त्याला कुणाचा फोन येऊ नये. आणि काम अपुरं वाटलं तर नाही म्हणायचं बळ त्याला दे, आणि त्याचं नाही ऐकून घेणारा मालकही दे. अशा मालकाची गरज मला इंजिनिअरपेक्षाही जास्त वाटते.

माझ्या लेकीला सवय दे. इंजिनात ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात, एक गेला तरी दुसरा चालावा म्हणून. टेकऑफआधी एकेक बंद करून बघतात. पावसाळी दमट हवेत, अगदी उकाड्यातसुद्धा, कार्ब्युरेटरच्या नरड्यात बर्फ धरू शकतो. तो घालवायला गरम हवेची कळ असते. धावपट्टीवर पळताना तेलाचा दाब, इंजिनाचे फेरे, वेगाचा काटा, तिन्हींकडे एकेकदा नजर जायला हवी. काही खटकलं तर चाकं जमिनीवर असतानाच थ्रॉटल मागे ओढायचा आणि थांबायचं. न उडता परत यायला तिला लाज वाटू देऊ नकोस. त्या परतण्याबद्दल तिला कुणी चिडवलं तर ते तिच्या मनाला लागू देऊ नकोस.

टेकऑफच्या आधी ती मुलं मोठ्याने म्हणतात, ते मला तिने म्हणून दाखवलं आहे. इंजिन धावपट्टीवर गेलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. चाकं सुटल्यावर गेलं आणि पुढे पट्टी उरली असेल तर तिच्यावरच उतरायचं. पट्टी उरली नसेल तर नाक खाली, समोर, थोडं डावीकडे किंवा उजवीकडे, मागे वळायचं नाही. प्रत्येक वेळी, रोज, शेजारी कुणी नसलं तरी. ऋषींच्या शापाने तुला तुझं बळ आठवेनासं झालं होतं. समुद्राच्या काठावर जांबवंताने ते तुला बोलून दाखवलं, तेव्हा तू उठलास. भीतीने शिकलेलं विसरतं, म्हणून ही मुलं स्वतःच स्वतःचा जांबवंत होतात. ते शब्द तिच्या तोंडी पाठ होऊन निर्जीव होऊ देऊ नकोस. प्रत्येक वेळी तिने ते ऐकावेत.

अजून एका मुलासाठी मागायचंय. तिच्याबरोबर शिकणारा. टेकऑफनंतर त्याचं इंजिन गेलं आणि तो समोरच्या शेतात उतरला. विमान नांगरटीत उलटं झालं, गळ्याचं हाड मोडलं. चौकशी चालू आहे, कारण मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण लोक आधीच सांगताहेत. कुणी म्हणतं तो काहीतरी विसरला, कुणी म्हणतं अजून थोडं धरून ठेवायला हवं होतं. जिवंत परतलेल्या माणसाला आपण असा जाब का विचारतो? विमान अपघातांचा तपास दोष वाटून देण्यासाठी नसतो, पुन्हा तसं होऊ नये म्हणून असतो. जगभरच्या नागरी विमान वाहतुकीने हे तत्त्व लिहून मान्य केलं आहे, आपल्या देशाच्या तपास नियमांतही ते आहे. तपास करणाऱ्यांना हे तत्त्व पाळता येऊ दे. ते मोडक्या इंजिनापाशी धीराने बसू देत. त्यांच्या अहवालाला उशीर लागला तर लागू दे, पण तो खरा असू दे, आणि आल्यावर कपाटात जाऊ नये. त्या मुलाला रात्री झोप लागू दे. तो पुन्हा उडेल की नाही हे त्याचं त्याला ठरवू दे.

मी तिला थांबवणार नाही. थांबव असं तुलाही सांगत नाही. 1929 मध्ये जे. आर. डी. टाटांनी या देशातला पहिला वैमानिक परवाना घेतला, 1932 मध्ये एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन ते जुहूच्या मैदानावर उतरले. तेव्हाही कुणीतरी घरी डोळे लावून बसलं असेलच. माणूस उडणार. तू स्वतः उडालास, तुला कुणी थांबवलं असतं तर ते रामाला परवडलं नसतं.

तेव्हा मारुतीराया, शेवटचं सांगते. इंजिन चालू राहिलं तर मी आभार मानीन. नाही राहिलं तर तिचे हात पुढे जाऊ देत, मागची धावपट्टी तिला विसरू दे, आणि समोर जे शेत असेल तिथे तिला पंख सरळ ठेवून उतरव. आज, उद्या, त्या पट्टीवरून आणि जगातल्या कुठल्याही पट्टीवरून जो कोणी एका इंजिनावर आभाळात चढेल, त्या प्रत्येकासाठी माझं हेच मागणं आहे.